पोत्यावरचं नाव

बेनिन हे आधी मला गावाचं नाव वाटलं होतं.
कारवारकडचं एखादं, किंवा गोव्यातलं,
कारण लॉरी अनमोडचा घाट चढून यायची
आणि पोत्यावर निळ्या शाईत एवढंच वाचता यायचं,
तेही बॉयलरवाल्या इनासनं वाचून दाखवलं म्हणून.
बाकीचं फ्रेंच, म्हणाला. आपल्याला न लागणारं.

पोतं उलटं केलं की बियांबरोबर
थोडी माती पडते.
तांबडी. जांबोटीच्या वाटेवरची असावी इतकी तांबडी.
पहिल्यांदा मी ती चिमटीत धरून शाबेराला दाखवली.
ती म्हणाली, झाडून टाक, मालक बघालाय.

त्या जून-जुलैत रात्रपाळी होती.
इनासच्या मोबाईलला तडा गेलेला,
डाव्या बाजूचे खेळाडू त्या तड्यात शिरायचे
आणि पलीकडून चेंडू घेऊन निघायचे.
"हे आपल्या पोत्याचे लोक," तो म्हणाला.
"टीमचं नाव काय ठेवलंय बघ. खारी."
चहात बुडवायची?
सगळी शेड हसली.
"न्हवं गे. झाडावरची. पट्ट्यांची."

दुसऱ्यांचे सिंह होते, गरुड होते, हत्ती.
ह्यांची खार.
मला ते पटलं. ज्यानं जन्मभर काजू फोडलाय
त्याला ठाऊक असतं, ते दात काय असतात.

पहिला सामना बरोबरी.
दुसरा बरोबरी.
तिसराही.
कल्लाप्पा घाडी वैतागला:
ह्यांना जिंकायचंय की नुसतं उभं ऱ्हायचंय?
मी काही बोलले नाही.
माझ्या सासऱ्यांनी सीमेच्या मोर्चात लाठी खाल्ली होती.
ते गेले त्या दिवशीही कोर्टाची पुढची तारीखच आली होती.
न जिंकता, न हरता किती वर्षं खेळता येतं
हे खानापूर तालुक्याला कुणी शिकवायला नको.

चौथ्या सामन्यात ह्यांचा एक गडी बाहेर काढला,
आणि त्याआधी की नंतर, आता आठवत नाही,
अगदी संपता संपता समोरच्यांना पेनल्टी.
मी राख लावलेल्या हातांनी डोळे झाकले.
चेंडू खांबाला.
ठण्ण.
मोबाईलातून तो आवाज आला नसेल,
पण मी ऐकला. बी नीट बसली नाही की
माझ्या कटरचा खटका असाच वाजतो.
मग टायब्रेकर, आणि खारी पुढे गेल्या!
इनासनं बॉयलरची शिट्टी मारली, मध्यरात्री,
मालकानं त्याचे दोनशे कापले.

पाचवा हरल्या. एका गोलानं.
कुणी काही बोललं नाही.
त्या रात्री आमच्या टेबलावर तुकडा कमी पडला,
अख्खा गर जास्त निघाला. का, कोण जाणे.

पुढे काही वर्षांनी तिकडे नाव बदललं.
खार फार बारीक वाटते म्हणे, कुणी भीत नाही.
आता चित्ते.
इनासनं सांगितलं तेव्हा मी अंगठा लिंबानं घासत होते.
रेशनच्या मशीनवर तो उमटत नाही,
काजूच्या चिकानं रेषा गेल्यात.
दुकानदार बसलिंगप्पा भला माणूस,
तीन-तीनदा पुसून बघतो, मशीन म्हणतं ही कोण.
कार्डावर मी सत्यव्वा आहे,
माहेरी सत्यभामा होते,
दोन्हीला ओ देते.
बसची पाटी बेळगाव होती, ती बेळगावी झाली,
खड्डे जिथल्या तिथं आहेत.

चित्त्यांचं भलं होवो. जिंकू देत.
चित्ता मी कधी पाहिलेला नाही,
एवढंच.

काल नवा माल आला.
एक पोतं कोपऱ्याला कुरतडलेलं, नावाच्या अगदी बाजूला.
उंदीर, शाबेरा म्हणाली, आणि सुतळी-दाभण आणायला वळली.
मी वाकून पाहिलं.
असू दे, म्हटलं.
ते शिवू नको.