नुकसान या रकान्यात

नोंदवहीत तो बेचाळिसावा.
गधेगाळ. काळा दगड, उंची एकाहत्तर सेंटिमीटर,
वर चंद्र नि सूर्य,
मधे सहा ओळी, त्यातल्या अडीच वाचता येतात,
खाली गाढव, आणि गाढवाखाली जे आहे
ते आठवीचा वर्ग आला की मी पाठीने झाकते.
बाई खोकतात.
मागच्या रांगेने तोवर पाहिलेलं असतं.

करावे गावात, खाडीच्या अंगाला,
गटाराच्या खोदाईत सापडला, असं कागद म्हणतो.
सापडला म्हणजे काय? तो होताच तिथे.
जेसीबीवाल्याला सापडला, इतकंच.

आठ महिने मी त्याला नुसतं पाणी पाजलं.
कागदाचा ओला लगदा अंगभर थापायचा,
वाळू द्यायचा, सोलायचा, पुन्हा थापायचा.
दर खेपेला लगद्यात मीठ उतरायचं.
सासूबाईंनी विचारलं, बेलापूरला करतेस तरी काय दिवसभर?
म्हटलं, एका दगडातली खाडी काढतेय.

मीठ सरत आलं तशी गळ्याशी खाच दिसली.
बोटभर खोल, गुळगुळीत.
फॉर्मवर रकाना होता: नुकसान.
मी लिहिलं: घर्षणाची खाच, उत्तरकालीन;
लेखाची पहिली ओळ त्यामुळे नष्ट.
तारीख. सही.

एका शनिवारी हासुराम तांडेल आले,
नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी घेऊन.
चपला दाराबाहेर काढल्या. असू द्या म्हटलं, तरी काढल्याच.
‘हात लावू नये’ ही माझ्या अक्षरातली पाटी
नीट वाचली,
आणि अंगठा थेट खाचेत घातला.
बसला.
‘याला होरी बांधायचो आम्ही. माजा बापूस, त्याचा बापूस.
ओहोटीला दोर ताणायचा.
यो घास आमचा हाय.’

नात मोठ्याने वाचत होती:
ही दिलेली जमीन जो कोणी बळकावील, त्याला…
पुढचं मी बारीक टाइपात ठेवलंय, मोठ्यांसाठी.
‘मग लागला का कुणाला शाप?’
खिडकीत एकोणीस मजले होते. त्यांच्यामागे बत्तीस.
तांडेलांनी बोट केलं, पत्ता सांगताना करतात तसं:
त्या तिसऱ्याच्या पार्किंगखाली आमचं शेत.
मग खाचेकडे वळून म्हणाले,
‘लागंल कसा? नाव वरच्या वळीत आसंल.
ती आमच्याच दोरानं पुसली.’
आणि हसले. मला हसता आलं नाही.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.
जुनी नोंद तशीच ठेवून
शेजारी लाल शाईने लिहायचं असतं.
मी ‘लेख’ या रकान्यात लिहिलं:
सातवी ओळ, गळ्याभोवती. लिपी दोराची.
वाचन: हासुराम तांडेल, करावे.

साहेबांनी पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय.
असू दे.
सोमवारी आश्रमशाळेची बस येणार आहे,
एक्केचाळीस मुलं.
पाटी मी जराशी बाजूला सरकवून ठेवली आहे.