दाब

सुई काढली की दहा मिनिटं
गॉज दाबून धरायचा असतो.
फार घट्ट धरला तर आतला प्रवाह गोठतो,
सैल सोडला तर चादर लाल.
खालची शीर गुणगुणत राहिली पाहिजे.
हे शिकवता येत नाही,
अंगठ्यालाच कळावं लागतं.

कोपरखैरणे, पहिला मजला.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर नऊ मशिनं.
सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी.
पाच नंबरवर जोमा मढवी, घणसोली गाव,
आज दोन किलो आठशे वाढून आलेले.
"पानी नय पियालो गो बाय, हवाच खाल्ली."
मी काट्याकडे बघते, त्यांच्याकडे नाही.
आम्ही दोघं हसतो. काटा हसत नाही.

उभा जन्म मिठागरात गेला त्यांचा.
आता गावाला मिठागर नाही
आणि त्यांच्या ताटात मीठ नाही.
सुनेनं बरणी वरच्या फळीवर ठेवली,
मग फळीखालचं स्टूलही उचललं.

त्या दहा मिनिटांत ते सांगतात
वाफ्याचा तळ कसा तुडवायचा,
पहिला पापुद्रा धरताना पाणी कसं गप्प होतं,
टाचांच्या भेगांत काय काय जायचं.
मी ऐकते. अंगठा हलत नाही.

एकदा विचारलं, "तुजा बापूस कं करतं गो?"
माझा बाप लाखनीजवळच्या गावी
गेल्या मार्चमध्ये गेला, मी याच मजल्यावर असताना.
सगळं घशापर्यंत आलं.
"नाहीत आता," एवढंच म्हणाले,
आणि विचारलं, "हात बधिर होतोय का?"
त्यांनी बोटं हलवून दाखवली, एकेक,
शाळेतल्या पोरासारखी,
आणि त्यानंतर बापाचं कधी काढलं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी
एका पेशंटच्या बायकोला माझा नंबर दिला होता.
रात्री दोनला फोन, मग तीनला, मग रोज.
मी उचलत राहिले. एका रात्री नाही उचलला.
त्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी पाच नंबर रिकामा.
साडेसात. आठ.
माझ्या मोबाइलवर नऊ आकडे दाबून झाले होते.
दहावा राहू दिला.
रिसेप्शनच्या फोनवरून लावला, वहीत वेळ लिहून.
सून म्हणाली, काल घरात हळद होती,
पहाटेपर्यंत बँडसमोर नाचले, आता उठत नाहीत.
"दुपारच्या पाळीला पाठवा. आणा म्हणजे आणाच."
दुपारी मी नव्हते. प्रीतमने सुई लावली,
पहिल्या झटक्यात, म्हणे, दुखलंसुद्धा नाही.
मला ते ऐकून बरं वाटलं नाही.
बेलापूरला बसमधून उतरेपर्यंत वाटलं.

परवा त्यांनी खिशातून पुडी काढली.
वर्तमानपत्र, आत प्लास्टिक, आत मीठ,
करडं, जाड खड्यांचं.
"आमच्या आगराचं शेवटचं. जपून ठेवलंय.
मना आता कं उपेग?"

पेशंटकडून काही घ्यायचं नसतं.
पण ती पुडी घरी परत गेली
तर एखाद्या रात्री एक खडा जिभेवर जाईल,
हे मला मॉनिटर न बघता कळत होतं.

"एकटीला नाही चालणार," मी म्हटलं,
"सगळ्यांना म्हणून देता?"
ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"दे तुज्या मानसांना."

इन्चार्ज थॉमस सिस्टरनी रजिस्टर पुढे सरकवलं.
मीठ, पुडी एक.
किंमतीच्या रकान्यात पेन थांबलं.
थॉमस सिस्टर म्हणाल्या, रेघ मार.
आता ते पँट्रीत आहे,
प्रीतमच्या आमटीत, सफाईच्या मावशींच्या भातावर,
माझ्याही डब्यात, चिमूटभर.

आज सुई काढताना त्यांनी हळूच विचारलं,
"खारट हाय ना?"
"आहे."
"लय?"
"सहा मिनिटं झालीत, काका. अजून चार.
हात सरळ ठेवा."