उजव्या कोपऱ्यातला ठिपका

मुदत तिथल्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन.
उद्यमनगरातली शेवटची भट्टीही निवली,
मी अजून तिसरा परिच्छेद खोडतेय.

महोत्सवाला दहा तरुण समीक्षक हवेत.
रोज तीन सिनेमे, रात्री एक लेख,
सकाळी कुणी जाणतं माणूस तो फाडणार.
अर्जात प्रश्न एकच:
सिनेमा बघायला कुणी शिकवलं?

दादांनी, असं लिहिलं.
लक्ष्मीपुरीतल्या टॉकीजात एकतीस वर्षं ऑपरेटर.
मशीनच्या खडखडाटात संवाद कधी ऐकूच आले नाहीत.
वीतभर झरोका,
आणि नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर:
तिथं ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू.
नायिका वाचली की मेली
ते गल्लीतल्या बायका सांगायच्या.

हे खोडलं.
मग एका फ्रेंच शब्दाभोवती तासभर घुटमळले.
मग तोही खोडला, दादांना परत आणलं.

तीन वीस. पाठव दाबलं.
गोल फिरतोय, नेट रडतंय.
दादा पाण्याला उठलेले, तांब्या हातात,
माझ्या खांद्यावरून लॅपटॉपच्या
उजव्या कोपऱ्याकडं बघत उभे.

"लई लांब हाय?"
"दोन विमानं."
"बरं.
तिथला ऑपरेटर कोण हाय
तेवढं इचारून ये."