तोंड अरुंद, पोट मोठं

उद्या तोंडी परीक्षा.
विश्रामबागेतल्या खोलीत पंखा कुरकुरतोय
आणि मी घोकतेय :
भिंत जरा मागं सरकली की माती तिच्यावर रेलते,
तो सक्रिय दाब.
भिंत मातीत रेटली की माती अडून बसते,
तो निष्क्रिय.
आणि निष्क्रिय निघतो सक्रियच्या नऊपट.
नावं ठेवणाऱ्यानं
गप्प बसलेल्या माणसाला
कधी रेटून बघितलं नसावं.

पान उलटलं. काळ्या मातीतला पाया.
पावसात फुगते, उन्हात आखडते,
अख्खं घर उचलते नि पुन्हा टाकते.
वसगड्याच्या मावशीच्या भिंतीला तिरकी चीर,
ती दर दिवाळीला सिमेंट लिंपते,
उन्हाळ्यात चीर परत, तिथूनच.
उपाय : बारीक भोक पाडा साडेतीन मीटर,
जिथं मातीला ऋतू कळत नाही तिथवर जा,
मग तळाशी पाती उघडून फिरवा,
मानेच्या अडीचपट पोट करा,
भरा काँक्रीट.
माती वर काय वाट्टेल ते करो,
पाइल खाली पाय रोवून.

आकृतीकडे बघत राहिले.
अरुंद तोंड, लांब मान, खाली घेर.
हे मी पाहिलंय.
ह्यात मी उतरलेय.

हरिपूर. हळदीची पेवं.
धुळाप्पा ऐवळे आधी कंदील सोडायचे आत.
ज्योत विझली की म्हणायचे,
"अजून श्वास न्हाई आला त्येला,"
आणि झाकण उघडं टाकून तंबाखू मळत बसायचे, घाई नाही.
मी आठ वर्षांची, हट्टी.
कमरेला दोर बांधून सोडलं मला.
आत ना वीट, ना दगड, ना सळई.
चहूकडून माती, नुसती माती, उभी,
हात फिरवून गुळगुळीत केलेली,
आणि हळदीचा वास
डोळ्यांत जाईल इतका.
"पडत न्हाई व्हय, आप्पा?"
वर आभाळ ताटलीएवढं, त्यातून उत्तर आलं :
"कोरडी हाय तवर न्हाई."

पुस्तकात तेच आहे.
चार सी भागिले गॅमा,
एवढी खोल माती आधाराविना उभी राहते.
सी म्हणजे कणांनी एकमेकांना
धरून ठेवण्याची ताकद.
तिला एकक आहे. प्रयोगशाळेत मोजता येते,
नमुना न मोडता मात्र नाही.

पुढच्याच वर्षी महापूर.
कृष्णा आणि वारणा दोघी मिळून गल्लीत.
आठ दिवस पाणी तुंबलं, तेव्हा काही पडलं नाही.
ओसरल्यावर रात्री ऐकू यायला लागलं,
धप्प.
मग बऱ्याच वेळानं, आणखी कुठंतरी,
धप्प.
धुळाप्पा अंधारात उठून बसायचे, बोटं मोडत :
"हे सांगावकरांचं.
हे... हे शेटजींचं धाकटं."
आवाजावरून ओळखायचे.
गटारं महिनाभर पिवळी वाहिली.

आज रात्री त्याचं नाव सापडलं,
पान दोनशे चौदा, रॅपिड ड्रॉडाउन :
पाणी असतं तोवर पाणीच भिंतीला टेकू देतं.
ते एकाएकी निघून गेलं
की भिजून जड झालेली माती एकटी पडते.
समासात पेन्सिलीनं लिहिलं : आप्पा.
पुढं काय लिहावं सुचेना,
तसंच ठेवलं.

साडेअकरा. बाहेरून आलेले परीक्षक
वहीवरून मान वर न करता विचारतात,
"हा पाइल प्रत्यक्ष कधी बघितलाय?"
"हो सर. काँक्रीट भरायच्या आधी."
"कुठल्या साइटवर?"
"हरिपूरला सर. आतून."
आता ते चष्म्यावरून बघतात.
"आतून? किती खोल?"

मोजलं नव्हतं सर.
दोर दुसऱ्याच्या हातात होता.