तिसरं प्रकरण

तिसऱ्या प्रकरणात दीड वर्ष गहाळ आहे.
कापगते गुरुजी स्वतःच लिहून गेलेत:
'त्या काळात मी पुष्कळ वाचलं.'
मीही तसंच उतरवून घेतलं,
गौरव समितीला घाई होती,
पुतळ्याचा ओटा बांधून झाला होता.

मग लाखांदूरच्या ठाण्यात
हवालदार भेंडारकरांनी
उधई लागलेलं एक रजिस्टर काढलं,
अंगठ्याला थुंकी लावत म्हणाले,
पाहून घ्या, चहा येतो तवर.

मे एकोणीसशे एकसष्ट.
खैरबोडी, तेंदूपत्त्याच्या गोदामास आग.
चौकीदार सुकरू मडावी मयत.
दारास बाहेरून कडी लावलेली आढळली.
संशयित मुनशी डोमा झोडे, फरार.
ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण,
जो मी प्रस्तावनेत
विचारवंताची आठी म्हणून रंगवलाय.

कडी.
अकरा कादंबऱ्या, आणि प्रत्येकीत कुणीतरी
बाहेरून कडी घालून निघून जातं.
नागपुरात मी त्यावर निबंध वाचला होता:
आधुनिक माणसाचं एकाकीपण.
टाळ्या पडल्या. गुरुजी पहिल्या रांगेत,
हातावर हात,
मानसुद्धा हलवली नाही.

चहा आला. त्यावर साय धरली.

खैरबोडीला सुकरूची लेक आहे, इसनाबाई.
अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली,
कोंबड्या हाकलायला हातात तुराटी.
फोटो तिनं उन्हात लांब धरला.
'मास्तर दिसते,' म्हणाली.
मी नाव सांगितलं नाही. मग सांगितलं.
ती फुलं खालीवर करत राहिली,
तो गोड, डोकं जड करणारा वास.
खूप वेळानं:
'लिवनारा मानूस होता म्हन्ता.
मंग मा बापाचं नाव
कोन्या पानावर आहे?'

चार हजार पानं वाचलीत मी, तीनतीनदा.
नऊ पुस्तकांत चौकीदार येतो.
खोकतो. बिडी मागतो. पाणी मागतो.
चौकीदार, एवढंच.

दोन दिवस समितीचा फोन वाजतोय,
ओट्यासाठी चार ओळी पाहिजेत,
संगमरवर येऊन पडलाय.
मी पुस्तकाआधीच सूची करायला बसलोय.
झोडे, डोमा: पाहा कापगते.
मडावी, सुकरू,
स्वल्पविराम दिला आणि लाइन गेली.

अंधारात चाचपत दारापर्यंत गेलो.
कडी आतूनच होती.
तरी हात लावून पाहिली.