शून्यसुद्धा लिहायचे

सव्वासहाला दीपगृहाचा दिवा मालवतो
आणि मी वही उघडते.
कार्तिक शुद्ध नवमी. वारा मतलई, जेमतेम.
साळ नदीच्या मुखापलीकडे मोबोरची वाळू स्वच्छ दिसते,
म्हणजे नजर पोचते आहे.
बेतूलच्या सड्यावर गवत
न घासलेल्या समईच्या रंगाचे.
जांभ्याच्या खळग्यात पावसाचे उरलेसुरले पाणी,
तेवढ्यावर दोन धोबी शेपट्या आपटत,
गेल्या साली अर्धे टाकलेले धुणे
संपवायला आल्यासारखे.

धोबी : २.

पाकोळ्या मोजता येत नाहीत, तरी मोजायच्या.
दहाचा गठ्ठा डोळ्यांत बांधायचा
आणि थव्यावर ठेवत जायचा, एक, एक, एक.
एकतीस वर्षे कुंकळ्ळीच्या शाखेत
मी दुसऱ्यांचे मोजले.
रुपया चुकला तर घरी जाता येत नसे.
इथे चाळीस पाकोळ्या चुकल्या
तरी समुद्र सही मागत नाही.

आठच्या सुमारास मिंगेलबाब येतो,
पिशवीत गरम उंडे.
तरुणपणी तो याच कातळावर बसायचा,
रांपणकारांचा डोळा म्हणून.
सुरया जिथे सूर मारतील तिथे तारल्या;
मग उभे राहून टॉवेल फिरवायचा,
खाली होड्या वळायच्या.
पक्ष्यांच्या जाती त्याला तीनच ठाऊक :
मासे दाखवणारे, मासे चोरणारे, आणि बाकीचे.
मी बाकीच्यांची माणूस.

"कितलीं?" तो विचारतो.
सोनचिखले नाहीत, मी सांगते.
परवाच्या साली दोनशे, गेल्या साली पासष्ट,
यंदाच्या रकान्यात तीन आठवडे शून्य.
शून्यसुद्धा लिहायचे, असा नियम आहे.
जागा कोरी राहिली तर अर्थ होतो, कुणी पाहिलेच नाही.
शून्याचा अर्थ, कुणीतरी इथे बसले होते.
मिंगेलबाब यावर काही बोलत नाही.
उंड्याचे दोन भाग करतो,
मोठा मला देतो.

साडेनऊला पेनातली रिफील संपली.
दुसरी शोधण्यात गेले असेल मिनिट, दीड मिनिट.
"बाय! पळय, पळय!"
मान वर करेपर्यंत
अमूर ससाणे डोक्यावरून गेलेले,
चतुरांच्या मागोमाग,
पाठमोरे, काळ्या विळ्यांसारखे,
कडा संपली तिथे न थबकता.
पुढे जमीन नाही.
पुढे पाणी, आणि पाण्यानंतर थेट आफ्रिका.

मला मिळाले ते शेवटचे : नऊ.
मिंगेलबाब म्हणतो, चारशे तरी.
म्हणतो, आवाज नाही, काही नाही,
ढगाची सावली सड्यावरून सरकावी
तसे गेले.

आता काय लिहू?
नऊ मी पाहिले.
चारशे त्याने, ज्याच्या डाव्या डोळ्यात
मोतीबिंदू पिकतो आहे.
निरीक्षक एक, वही एक, आकडा एक.
कॅश काउंटरवरची बाई माझ्या आत उठून उभी राहिली
आणि नाकावरचा चष्मा सारखा करू लागली.

मी रकाना आडवा कापला.
वर लिहिले ९.
खाली ४००, आणि पुढे बारीक अक्षरात :
मिंगेल फुर्तादने पाहिले. रांपणीचा डोळा.
त्याला वाचून दाखवले.
तो हसला नाही.
समुद्राकडे बघत मनात काहीतरी जुळवत राहिला,
मग म्हणाला, तीनशे ऐंशी कर.
उगाच चढवून नको.

खोडले. लिहिले.
वारा फिरला, आता दर्याकडून.
उरला होता सोनचिखल्यांचा रकाना.
नव्या रिफिलीची शाई धड उतरत नव्हती,
म्हणून आजचे शून्य
एका बाजूला
थोडे उघडेच राहिले.