कुद्रेमनीचा दगड

हुंदऱ्यांचा मल्लोजी रजेवर आलाय, कुपवाड्याहून.
आमच्या बांधावर एक दगड आहे,
अलीकडं कर्नाटक, पलीकडं चंदगड.
शेजाऱ्याची म्हस त्याला अंग घासते.

"एवढीच हद्द?" म्हणून हसला.
तिकडं तीन पदरी तार,
आणि बर्फात एकदा सापडलेला मग:
चहा अजून कोमट,
पिणारा नाही.

काल तिन्हीसांजेला परड्यात
म्हशीचं दावं वाटेवर ताणलेलं.
तो थबकला.
हात आडवा करून मलाही अडवलं.
उकिडवा बसला, दाव्यावरून नजर नेली
पार खुंट्यापर्यंत.
मग पाय नको तेवढा उंच उचलून
ओलांडलं.

म्हस रवंथ करीत होती.
चुलीपासनं वहिनीनं विचारलं, "काय झालं रे?"

"काय नाही. दावं आखूड बांधा."